उलटी बाजू नसलेला पडदा

तिरसाला मुलगी झाली आणि पडदा तिच्यापासून ऐंशी दिवस लांब गेला.

मुलगा झाला असता तर चाळीस दिवसांत सुटका होती. मुलीची सोयर दुप्पट. ती फिटेपर्यंत देवाच्या कुठल्याही वस्तूला बोट लावायचं नाही, पवित्र तंबूच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. शिलो गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पण नियम ठाऊक असणं वेगळं, आणि आपण हातातलं टाकून आलेलं काम वीस पावलांवरून बघत उभं राहणं वेगळं. रोज सकाळी विहिरीवर जाताना लेकीला छातीशी बांधून तिरसा भरतकामाच्या मांडवासमोर थांबायची. ओली बाळंतीण उन्हात काय उभी राहते म्हणून येणारे जाणारे हटकायचे. तिला आपली चौकट दिसायची, चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड दिसायचं आणि तिच्या जागेवर बसलेली सिब्या दिसायची.

पडदा होता तंबूच्या दाराचा. दहा हात रुंद, पाच खांबांवर टांगायचा. जवसाच्या काड्या कुजवून, झोडपून काढलेल्या सुताचं पांढरंशुभ्र कापड आणि त्यावर निळ्या, जांभळ्या, किरमिजी लोकरीचं भरतकाम. वर द्राक्षवेल, मधे खजुराची झाडं, खालच्या काठाला बारा डाळिंबं. आणि हे भरतकाम दोन्ही बाजूंनी सारखं. बाहेरून येणाऱ्या माणसाला जे डाळिंब दिसतं तेच आतल्या याजकालाही दिसलं पाहिजे. कुठे गाठ नाही, लोंबता दोरा नाही. त्यासाठी चौकटीच्या दोन्ही अंगांना एकेक बाई बसायची. पुढची सुई टोचून पलीकडे द्यायची, मागची ती ओढून त्याच वाटेने परत पाठवायची. पाच वर्षं तिरसा मागच्या बाजूला बसत होती आणि पुढच्या बाजूला नेहुश्ता मावशी, मांडवाची मालकीणच म्हणा, साठी ओलांडलेली. दोघींना एकमेकींचं तोंड दिवसभर दिसायचं नाही, पण सुई कशी आली त्यावरून मावशीचं डोकं आज दुखतंय की नाही, हे तिरसा सांगू शकायची.

या पडद्यावर बायकांचा मांडव टिकून होता. देवाच्या तंबूच्या वस्तू सांभाळणारा कोठीवाला इम्मेर पहिल्यापासून म्हणत आला होता की बायकांनी सूत कातावं, पवित्र वस्तूवर सुई चालवणं हे पुरुषांचं काम. नेहुश्ताने वडीलधाऱ्यांपुढे पदर पसरला नाही. तिने पैज लावली. पीक घरात आल्यावरचा मोठा सण लागायच्या आत पडदा खांबांवर चढेल, आणि इम्मेरने हव्या त्या बाजूने तपासावा. खोट निघाली तर चौकटी त्याच्या. इम्मेरने हसत हसत मान्य केलं होतं. त्याला हसताना पाहिलं की तिरसाला धास्ती वाटायची.

तशी ती हल्ली कशाचीही वाटायची. लेक जन्मली तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेकीचं नाव केसिया. गोंडस, गुटगुटीत पोर. दूध प्यायची, झोपायची, जगाला तिची काही तक्रार नव्हती. पण ती झोपली की तिरसा उठायची, बोटांची मागची बाजू तिच्या कपाळाला लावायची, मग मानेला, मग पावलांना. कपाळ किती उबदार असलं की ठीक, पाऊल किती गार झालं की पांघरूण घालायचं, हे ऐंशी दिवसांत तिच्या बोटांना पाठ झालं होतं. घरातल्या सगळ्या सुया, हाडाच्या सात आणि काशाच्या चार, ती दिवसातून तीनदा मोजायची. एखादी चटईत राहिली तर पोरीला टोचेल म्हणून. नवरा एलाद काही बोलायचा नाही. सासू अतारा मात्र गप्प बसणारी नव्हती.

"अगं, ती पोर आहे," अतारा म्हणायची, "तव्यावरची भाकर नाही घडोघडी हात लावून बघायला. झिजेल ती."

तिरसा हसायची, आणि सासूची पाठ वळली की पुन्हा हात लावायची. तिला सिब्याचं बाळ आठवायचं. तीन वर्षांपूर्वी ते चार महिन्यांचं होऊन झोपेतच गेलं होतं. ताप नाही, खोकला नाही. सकाळी आईने उचललं तर गार.

एक्याऐंशीव्या दिवशी सकाळी तिरसाने दोन पारवे वाहिले, याजकाने हात उंचावला आणि ती मोकळी झाली. घरी न जाता ती तडक मांडवात गेली. सण तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना लागणार होता. एकदा लागला की खुंटीसुद्धा ठोकता यायची नाही. पण घाईचं कारण नव्हतं. खजुराची झाडं आणि नऊ डाळिंबं बाकीच्या बायकांनी कधीच संपवली होती आणि त्या द्राक्षाच्या तोडणीला मळ्यांवर गेल्या होत्या. शेवटची तीन डाळिंबं सिब्याने एकटीने भरली होती, चौकटीला फेऱ्या घालत, एक टाका पुढून, एक मागून. तिरसासाठी राहिले होते ते त्या तीन डाळिंबांच्या टोकाकडचे मुकुट. ज्या हाताने नक्षी आखली त्याच हाताने ती पुरी करायची, असा मांडवाचा रिवाज होता.

नेहुश्ता कोपऱ्यात टकळी फिरवत बसली होती. तिने तोंड वर केलं आणि पाऊल वाजताच म्हणाली, "आलीस? बस. तुझी जागा झाडून ठेवलीय." सिब्या किंचित हसली आणि बाजूला सरकली. ती तिशीची, किडकिडीत, फार न बोलणारी. डाळिंबं सुरेख उतरली होती. निळा रंग दाट, कडेला एकही टाका बाहेर गेलेला नाही. तिरसाला आधी थोडं वाईटच वाटलं, की आपल्यावाचून काही अडलं नाही. मग तिने केसियाची टोपली चौकटीखाली ठेवली, सवयीने बोटांची मागची बाजू तिच्या कपाळाला लावली, उबदार, आणि तोच हात उठताना सहज डाळिंबावरून फिरवला.

गार.

तिने हात काढला. शेजारच्या नवव्या डाळिंबाला लावला. उबदार. पुन्हा दहाव्याला. गार. अकरावं गार, बारावं गार. तिचं काळीज एकदम त्या झोपेत गेलेल्या बाळाकडे गेलं, आणि मग डोकं ताळ्यावर आलं. लोकर हाताला गार लागत नाही. जवस लागतं.

सकाळच्या उन्हात डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता. तिने एका टाक्याखाली सुईचं टोक घालून दोरा उचलला. जवसाचं सूत होतं. झाडपाल्याच्या निळीत दहादा बुडवून गडद केलेलं, मेण लावून चकाकी आणलेलं. ज्याने कुणी केलं होतं त्याने जीव ओतला होता.

"सिब्या," ती हळूच म्हणाली, "तुला दिलेली लोकर कुठाय?"

सिब्याने नाही म्हटलं नाही, रडलीही नाही. आपली थैली उघडून तिने निळ्या लोकरीच्या लडी बाहेर काढल्या. समुद्राच्या गोगलगाईंपासून काढलेल्या रंगाची ती लोकर सूरच्या बंदरातून आली होती. एक धागा कमी नव्हता. बोलता बोलता तिने त्या मांडीवर न ठेवता शेजारच्या दगडावर ठेवल्या.

तिची गोष्ट लहानशी होती. पोटुशी असताना किनारपट्टीच्या एका फिरत्या विक्रेत्याकडून तिने एक झगा घेतला होता, जवसाच्या कापडाचा, छान काठाचा. नऊ महिने तोच वापरला. बाळ गेलं त्या दिवशी सासऱ्याने त्या झग्याचा काठ दाताने उसवला आणि आतली लोकर तिच्या पदरात टाकली. लोकर आणि जवस एका अंगावर घालू नये, हे शिलोत जन्मलेल्या पोरीला सांगावं लागतं का? तू मारलंस, तो म्हणाला. तेव्हापासून तिच्या हाताला ते जमत नव्हतं. पडद्यासाठी ही दोन्ही सुतं एकत्रच हवीत, तशी आज्ञाच आहे, हे तिला पाठ होतं. वेलीवर तिने काम केलं ते नुसतं दोरे निवडण्याचं, कातरण्याचं. पण लोकर ओवलेली सुई त्या कापडात पहिल्यांदा खुपसायची वेळ आली आणि हात थिजला. तीन दिवस ती नुसती बसून राहिली. मग घरी जाऊन जवसाचं सूत रंगवून आणलं.

"कुणाला कळलं नसतं," सिब्या म्हणाली. "तुलासुद्धा दिसलं नाही. लागलं."

तिरसाने नेहुश्ताकडे पाहिलं. डोळ्यांना एक वेळ कळणार नाही, पण पन्नास वर्षं सुई धरलेल्या हाताला? एकदाही चाचपून पाहिलं नाही मावशीने? टकळी थांबली होती. नेहुश्ताचं तोंड त्या दोघींकडे नव्हतं, मांडवाबाहेर डोंगरांकडे होतं.

"मला दिसत नाही गं," ती म्हणाली. "तू बाळंत झालीस तेव्हापासून नुसता उजेड कळतो. हाताने चाचपलं असतं तर ही बघती ना. हिला कळलं असतं तर इम्मेरला कळलं असतं, की बायकांच्या मांडवाची मालकीण आंधळी."

खाली टोपलीत केसिया शिंकली.

म्हणजे एकीच्या भीतीने चूक झाली होती आणि दुसरीच्या अभिमानाने ती झाकली होती. आता काय करायचं, ते तिसरीने ठरवायचं होतं. सोपी वाट समोरच होती. तीन मुकुट भरायचे, पडदा द्यायचा, मोकळं व्हायचं. नेहुश्ताने तेच सुचवलं, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. तिरसाला पुढचं सगळं दिसत होतं. तिला नेहमीच पुढचं दिसायचं, आणि बहुतेक वेळा ते वाईटच असायचं. दहिवर पडायला लागलं की जवसाचं सूत आवळेल, लोकर आवळणार नाही, आणि तीन डाळिंबं सुरकुततील. वर्षभरात उन्हाने पाल्याची नीळ उडून राखाडी पडेल, गोगलगाईची नीळ तशीच राहील. मग इम्मेर अख्ख्या शिलोला बोलावून दाखवेल की बायकांनी देवाला फसवलं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, ज्या दारातून देवाकडे जायचं त्या दाराला खोटं कसं टांगायचं?

पण उसवायचं म्हटलं तर हाताशी अडीच दिवस. डाळिंबाला दोघींचा पाऊण दिवस लागतो, आणि उसवायला अर्धा. दिव्याच्या उजेडात काम करायची सोय नाही. दिव्यापाशी निळी आणि जांभळी लोकर एकच दिसते, म्हणून सूर्य मावळला की सुई खाली ठेवायची. मळे दिवसभराच्या वाटेवर होते, तिथून बायका येईपर्यंत वेळ संपला असता. चौकटीला जागा दोनच. नेहुश्ताला दिसत नाही. म्हणजे समोर कोण बसणार, हे उघड होतं.

तिरसाने सिब्याला सांगितलं. सिब्या दोन पावलं मागे सरली.

"मी नाही," ती म्हणाली. "त्या दोन सुतांनी माझं एक नेलंय. तुझी पोर तिथे खाली निजलीय, तिरसा. तिला काही झालं तर?"

हे वाक्य तिरसाला नेमकं जिथे लागायचं तिथे लागलं. ती वाकली, केसियाला उचललं, पोटाशी धरलं. खरंच की. पोटात पोर घेऊन आपण नऊ महिने ही लोकर या जवसात ओवली. कधी मनातही आलं नाही. आता आलं, आणि आलं ते जाईना. क्षणभर तिला वाटलं, पडदा गेला खड्ड्यात, पोरीला घ्यावं आणि पळत घर गाठावं. तिची बोटं पोरीच्या मानेवर गेली. पोर उबदार होती. ओठांवर दुधाचा बुडबुडा, आणि पाय मारून ती आईच्या कमरेला ढोसत होती, भरल्या पोटाने.

"सिब्या, पहिलं अंजीर आपण खातो का?" तिरसाने विचारलं.

"नाही. इथे आणतो."

"म्हणून काय ते विषारी असतं? ते त्याचं असतं, म्हणून आपण तोंडाला लावत नाही. ही दोन सुतंही तशीच. एकत्र आली की त्याची. आपण अंगावर घालायची नाहीत, त्याच्या दारावर लावायची. बस एवढंच." तिने पोरीला पुढे केलं. "ही नऊ महिने या पडद्याच्या मागे बसून वाढली. मी टोचलेल्या एकेका टाक्यासरशी आतून लाथा मारायची. बघ हिच्याकडे. घे, हात लावून बघ."

सिब्याने तीन वर्षांत कुणाचं बाळ हातात घेतलं नव्हतं. लोक देतही नव्हते. तिने घेतलं नाहीच, पण बोटांची मागची बाजू, तिरसा लावायची तशीच, केसियाच्या कपाळाला लावली. बराच वेळ तिथेच ठेवली. मग दगडावरची लोकरीची लड उचलून तिने दात आणि अंगठा यांच्यामध्ये दोरा ताणला.

"पुढे बसू की मागे?" तिने विचारलं.

पहिला टाका घालताना तिने डोळे मिटून घेतले. सुई पलीकडे आली, तिरसाने ओढली, परत पाठवली. सिब्याचे डोळे अजून मिटलेले असणार, कारण सुई तशीच अडकून राहिली. तिरसाने कापडावर नखाने टकटक केलं. पलीकडून सुई ओढली गेली. दुसरा टाका. तिसरा. दहाव्याला सुई सरळ यायला लागली, आणि चाळिसाव्याला सिब्या पलीकडून म्हणाली की तू फार ओढतेस, कापड रडतंय. तिरसाला हायसं वाटलं. टोमणा मारणारा माणूस भ्यालेला नसतो.

पहिला टाका पडायच्या आधीच उसवायचं काम नेहुश्ताने घेतलं होतं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. तिने दहाही बोटं कापडावर ठेवली, गार कुठे संपतं आणि उबदार कुठे सुरू होतं ते चाचपलं, आणि हाडाच्या टोच्याने एकेक टाका असा उचलत गेली की खालच्या पांढऱ्या कापडाला चीरही पडली नाही. डोळसालाही इतकं जमलं नसतं. डोळसाला तर दोन्ही निळे सारखेच दिसत होते. पुढचं डाळिंब ती मोकळं करून द्यायची, तोवर मागचं या दोघी भरत आणायच्या. दुपारी अतारा भाकरी आणि ऑलिव्ह घेऊन आली, उसवलेल्या निळ्या दोऱ्यांचा ढीग पाहिला, सुनेकडे पाहिलं, आणि काय झालं ते कुणी न सांगता तिला कळलं असावं. तिने टोपली उचलली आणि पोरीला मांडीवर घेऊन मांडवाच्या दारात बसली. येणाऱ्या जाणाऱ्याला आत डोकावू द्यायचं नाही, हे तिने स्वतःच ठरवलं.

इम्मेरला मात्र ती अडवू शकली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तेव्हा एक डाळिंब भरून झालं होतं, दुसरं अर्धं होतं आणि तिसऱ्याच्या जागी पांढरं कापड. त्याने काठ मोजला.

"परवा मी इथून गेलो तेव्हा बारा होती," तो म्हणाला. "पाखरांनी खाल्ली का?"

नेहुश्ताने मान वर केली नाही. "कच्ची होती," ती म्हणाली.

इम्मेर हसला. पण उसवलेल्या दोऱ्यांकडे बघून त्याचं हसू थोडं कमी झालं, हे तिरसाने कापडाच्या कडेवरून पाहिलं. तो मूर्ख नव्हता. त्याने विचारलं असतं तर काय सांगायचं, याची उत्तरं ती मनात जुळवत राहिली. त्याने विचारलं नाही. उद्या सूर्य डोक्यावरून कलला की माणसं घेऊन येतो, एवढंच म्हणाला. तयार असेल ते चढेल. नसेल तर जुन्याच पडद्याला ठिगळ लावू, आणि सण उरकला की चौकटी उचलू.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक डाळिंब आणि तीन मुकुट शिल्लक होते. उन्हाची तिरीप मांडवात शिरली आणि सुई चालू झाली. दोघींना आता बोलावं लागत नव्हतं. सुई जात होती, येत होती, जणू एकाच बाईला चार हात. डाळिंब अर्ध्यावर आलं आणि केसियाने टाहो फोडला. अताराने बोट चोखायला दिलं, झोका दिला, तिच्या बापाची लहानपणची सगळी गाणी संपवली. पोर ऐकेना. तिरसाचं दूध तो आवाज ऐकूनच झगा भिजवायला लागलं.

"थांबू?" पलीकडून सिब्याने विचारलं.

"नको. आत्याबाई, आणा तिला इकडे."

अताराने पोरीला तिच्या छातीशी लावलं आणि एका बाजूने धरून ठेवलं. डावा हात लेकीखाली, उजवा सुईवर. मागच्या बाजूच्या बाईला एका हाताने भागतं, जर पुढची सुई नेमकी भोकातून पाठवत असेल तर. सिब्या नेमकी पाठवत होती. एकही टाका केसभर सरकला नाही. पोर चुटुचुटु पीत होती, सुई सरसर येत होती, आणि सासू सुनेच्या खांद्यावरून वाकून आयुष्यात पहिल्यांदा पडद्याची मागची बाजू बघत होती. कधी नव्हे ती गप्प होती.

डाळिंब पुरं झालं. दोन मुकुट तिरसाने घातले. तिसऱ्यापाशी तिने सुई पलीकडे दिली आणि परत घ्यायला हात पुढे केला नाही.

"हा तू घाल," ती म्हणाली. "तुझ्या हाताने पुरा कर."

रिवाज तसा नव्हता. सिब्याने नेहुश्ताकडे पाहिलं. नेहुश्ताला अर्थातच ते दिसलं नाही, पण ती म्हणाली, "घाल गं. आता रिवाज सांगणारी मी कोण, मला तर काही दिसतच नाही." आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिघी हसल्या.

ऊन कललं आणि इम्मेर आठ माणसं घेऊन आला. जुना पडदा उतरला, नवा खांबांच्या आकड्यांवर चढला. कापड एकदा वाऱ्यावर हललं आणि सरळ खाली उतरून उभं राहिलं. इम्मेर जवळ गेला. त्याने काठ हातात धरला, बारा डाळिंबं एकेक मोजली, अंगठा घासून रंग पाहिला. मग पडद्याआड गेला. बायकांना पडद्याआड जाता येत नव्हतं. त्या अंगणाच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि त्यांना फक्त त्याची पावलं दिसत होती. पावलं डावीकडे गेली. थांबली. उजवीकडे आली, जिथे शेवटची तीन डाळिंबं होती. तिथे फार वेळ थांबली. तिरसाने केसियाला इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली.

इम्मेर बाहेर आला, पुन्हा पुढून पाहिलं, पुन्हा आत गेला. तिसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा माणसांनी दोर आवळायला घेतले होते, आणि तो गोंधळून त्यांना थांबवत होता.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. मग मान वळवून, मोठ्या नाखुशीने, त्याने नेहुश्ताला विचारलं, "याची सुलटी बाजू कुठली?"

नेहुश्ता ताठ उभी होती, एक हात सिब्याच्या खांद्यावर, एक तिरसाच्या.

"तू बघतोयस ती," ती म्हणाली.

दोर धरलेल्या माणसांपैकी एक जण खुदकन हसला. मग दुसरा. इम्मेरने डोकं खाजवलं. मोठ्या मनाचा तो नव्हता, पण खोटाही नव्हता. जाताना मांडवाशी थांबून, चौकटीकडे बघत बघत त्याने सांगितलं की अंगणाच्या फाटकाचा पडदाही विरलाय. वीस हातांचा आहे. या सणानंतर सुरुवात करा. आणि माणसं लागली तर सांगा, सूत कातायला पाठवतो.

"पुरुष?" अताराने विचारलं. "त्यांना जमेल का कातणं?"

दुसऱ्या दिवशी, सणाच्या पहिल्या सकाळी, एफ्राइमच्या डोंगरांतून आलेली माणसं अंगणाबाहेर दाटीने उभी होती. कुणाच्या हातात खजुराच्या फांद्या, कुणाच्या खांद्यावर पोरं. तंबूचं तोंड पूर्वेला. सूर्य डोंगरावर आला आणि उजेड सरळ पडद्यावर पडला. वेल पेटली, खजूर पेटले, आणि खालच्या काठाची निळी डाळिंबं अशी उजळली की पुढच्या रांगेतल्या माणसांचं बोलणं थांबलं. मग मागच्यांचं थांबलं. मग कुणीतरी गायला सुरुवात केली आणि सगळं शिलो गाऊ लागलं. एका म्हातारीने विचारलं की हे कुणाच्या हातचं, आणि अताराने तिला इतकं सविस्तर सांगितलं की पार शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. माझी सून, ती म्हणाली, आणि ती सिब्या, आणि ती नेहुश्ता, डोळे नसताना. सुनेचा हात काय आहे म्हणून सांगू, नुसता लावला की गार का गरम कळतं. मी पहिल्यापासून म्हणतेय. तिरसाने सासूकडे बघितलं. सासूने नजर चुकवली आणि हातातल्या केसियाच्या कपाळाला बोटांची मागची बाजू लावली, सहज लागल्यासारखी.

केसिया आजीच्या हातात हातपाय उडवत होती. सिब्या शेजारीच होती. तिने एकदा तिरसाकडे पाहिलं आणि पोरीला घेतलं.

नेहुश्ताने चेहरा उन्हाकडे वळवला होता.

"डाळिंबं कशी दिसतायत गं?" तिने विचारलं.

"पिकलीयत, मावशी," सिब्या म्हणाली.